काटापट्टी एकदाच लिहा, टॅलीत आपोआप जाईल! मोफत कनेक्टर कसा बसवायचा आणि परवाना कशाकशाचा लागतो?

देवगाव फाटा (ता. सेलू) : सोयाबीन निघालं की सेलू, जिंतूर आणि मंठ्याकडच्या रस्त्यांवर मालाच्या गाड्या दिसायला लागतात. माल काट्यावर जातो, वजन होतं, ओलावा बघितला जातो आणि शेतकऱ्याच्या हातात काटापट्टी पडते. इथपर्यंत काम फटाफट होतं. अडतं ते पुढं. तीच पट्टी ऑफिसात बसलेला मुलगा पुन्हा टॅलीत टाइप करतो. नाव, गाव, वजन, भाव, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम, सगळं दुसऱ्यांदा. दिवसाला वीस-पंचवीस पट्ट्या असतील तर निभावतं. गर्दीच्या दिवशी गठ्ठा तसाच पडून राहतो आणि शेतकरी फोन करत राहतो, "पट्टी लागली का खात्याला?"

दुसऱ्यांदा टाइप करताना चुका होतातच. १८.४० क्विंटलचं घाईत १४.८० झालं तर ३.६० क्विंटलचा फरक पडतो. भाव समजा ४,५०० रुपये धरला तर सरळ १६,२०० रुपये गेले. नावाची गडबड त्याहून वाईट. एका पट्टीवर 'किसन' आणि दुसऱ्या पट्टीवर 'किशन' लिहिलं की टॅलीत एकाच माणसाची दोन खाती उघडतात. एका खात्यावर त्याची उचल, दुसऱ्या खात्यावर त्याचा माल. मग वर्षअखेरीला मेळ बसत नाही आणि सीएकडे हेलपाटे सुरू होतात.

यावर इलाज आहे. काट्याच्या कॉम्प्युटरमधली किंवा मोबाईल अ‍ॅपमधली नोंद थेट टॅलीत पोचवणाऱ्या छोट्या प्रोग्रामला कनेक्टर म्हणतात. असे कनेक्टर विकतही मिळतात आणि काही ओपन सोर्स, म्हणजे खुले आणि मोफतही आहेत. मात्र 'मोफत' या शब्दावरून गोंधळ होतो. कनेक्टर मोफत म्हणजे टॅलीही मोफत झाली, असा अर्थ कोणी काढत असेल तर तो महागात पडू शकतो.

रिड्यूसरसारखं काम

विहिरीवरून अडीच इंची पाइप आला आणि शेतातली लाइन तीन इंची असली तर मध्ये रिड्यूसर लागतो. पाइप एका कंपनीचा, लाइन दुसऱ्या कंपनीची, रिड्यूसर तिसऱ्याचा असला तरी चालतं, माप जुळलं म्हणजे झालं. कनेक्टरचं तसंच आहे. एका बाजूला काट्याचं सॉफ्टवेअर, दुसऱ्या बाजूला टॅली, आणि दोघांच्या मापात माहिती बसवून देणारा मधला तुकडा.

टॅली ही बेंगळुरूच्या टॅली सोल्यूशन्स या कंपनीची. कंपनीची सुरुवात १९८६ सालची. व्यापारी, जिनिंग, कृषी सेवा केंद्र, पतसंस्था, शेतकरी कंपन्या, जिथं हिशोब आहे तिथं बहुतेक टॅली आहे. हे सॉफ्टवेअर बंदिस्त आहे. म्हणजे आतला प्रोग्राम कसा लिहिलाय ते कंपनी दाखवत नाही आणि वापरायचा परवाना विकत घ्यावा लागतो. पण माहिती आत-बाहेर करायला कंपनीने स्वतःच एक दार ठेवलंय. एक्सएमएल नावाच्या ठरावीक साच्यात मजकूर लिहून टॅलीच्या पोर्टवर पाठवला की टॅली तो वाचते, नोंद करते आणि उत्तरही देते. या दारासाठी वेगळे पैसे नाहीत, ते टॅलीतच येतं. दुसरं दार ओडीबीसीचं. त्यातून एक्सेलसारखे प्रोग्राम टॅलीतली माहिती फक्त वाचू शकतात, लिहू शकत नाहीत.

म्हणजे कनेक्टर टॅलीचं कुलूप तोडत नाही. कंपनीने ठेवलेल्या दारानेच जातो.

परवाने दोन, ते वेगवेगळे

ओपन सोर्स कनेक्टर उतरवून घेताना त्याच्या फोल्डरमध्ये 'लायसन्स' नावाची एक छोटी फाइल असते. ती वाचल्याशिवाय पुढं जाऊ नये. बहुतेक वेळा तिच्यात दोनपैकी एक नाव दिसतं, एमआयटी किंवा जीपीएल.

एमआयटी हा सर्वांत सुटसुटीत परवाना. वापरा, बदला, धंद्यात लावा, दुसऱ्याला द्या, विका, सगळं चालतं. अट एवढीच की मूळ लेखकाची कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर काढून टाकायचा नाही. जीपीएलमध्येही वापराला आणि बदलाला पूर्ण मोकळीक आहे, धंद्यासाठीसुद्धा. फरक पडतो तो दुसऱ्याला देताना. जीपीएलचा प्रोग्राम बदलून तुम्ही दुसऱ्याला दिला किंवा विकला, तर बदललेला मूळ मजकूरही त्याच परवान्याखाली त्याला द्यावा लागतो. गटाच्या ऑफिसात स्वतःपुरता बदल करून वापरला तर कोणाला काही देणं लागत नाही. सेलूचा एखादा कॉम्प्युटरवाला असा कनेक्टर सुधारून दहा आडत दुकानांना विकणार असेल, तर त्या दहाही दुकानांना मूळ मजकूर मागायचा हक्क राहतो. हे विकणाऱ्यालाही माहीत असावं आणि घेणाऱ्यालाही.

ओपन सोर्स म्हणजे परदेशातली भानगड, असं वाटायचं कारण नाही. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे हिशोब आणि साठ्याचं अख्खं सॉफ्टवेअर जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली खुलं आहे, आणि ते ज्या पायावर उभं आहे तो फ्रॅपे फ्रेमवर्क एमआयटीखाली.

दोन्ही परवान्यांत एक वाक्य मात्र सारखं असतं. प्रोग्राम 'जसा आहे तसा' दिला जातो, कसलीही हमी नाही. आकडा चुकला, नोंद दोनदा पडली, तर लिहिणाऱ्याला जबाबदार धरता येत नाही. मोफत मिळण्याची ही खरी किंमत आहे, आणि म्हणूनच तपासून घेण्याचं काम आपल्याकडं येतं.

आता दुसरा परवाना, टॅलीचा. एका कॉम्प्युटरसाठी सिल्व्हर आणि एकाच ऑफिसातल्या अनेक कॉम्प्युटरसाठी गोल्ड, असे दोन मुख्य प्रकार आहेत. गेल्या काही वर्षांत सिल्व्हरची किंमत २२,५०० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २६,५५० रुपये पडत आली आहे. घेताना त्या दिवशीचा भाव विचारून घ्यावा. हा परवाना कायमचा असतो. दरवर्षी भरायचे ते टीएसएसचे पैसे, आणि ते नवीन आवृत्ती व ऑनलाइन सेवांसाठी. टीएसएस संपलं म्हणून घेतलेली टॅली बंद पडत नाही.

परवाना नसला तर टॅली 'एज्युकेशनल मोड'मध्ये चालते. शिकायला ते ठीक आहे. पण त्यात महिन्याची पहिली, दुसरी आणि शेवटची, ३१ तारीख एवढ्याच तारखांना नोंद होते. बाकीच्या तारखांच्या पट्ट्या कनेक्टरने पाठवल्या तरी टॅली घेणार नाही. कनेक्टर बसवला आणि निम्म्याहून जास्त नोंदी नाकारल्या गेल्या, तर बऱ्याचदा कारण हेच निघतं. दोष कनेक्टरचा नसतो.

मग कोणी तरी 'क्रॅक' सुचवतो. खेड्यात हा सल्ला फार सहज दिला जातो, म्हणून कायदा सांगितलेला बरा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ बी. प्रोग्रामची प्रत चोरीची आहे हे माहीत असून ती वापरली, तर किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. घरगुती, बिनकमाईच्या वापरात कोर्ट कैद माफ करू शकतं, पण धंद्यात वापरली तर ती सवलत नाही. शिवाय क्रॅकच्या फाइलसोबत कॉम्प्युटरमध्ये आणखी काय शिरलं ते कोणाला कळत नाही, आणि त्याच कॉम्प्युटरवर सगळ्या सभासदांचे बँक खाते क्रमांक असतात.

याच कायद्यात आपल्या बाजूचंही एक कलम आहे, ते फारसं कोणी सांगत नाही. कलम ५२ (१) मधलं पोटकलम 'एबी', १९९९ च्या दुरुस्तीत आलेलं. ज्याच्याकडे प्रोग्राम कायदेशीर आहे त्याला, दुसरा स्वतंत्रपणे बनवलेला प्रोग्राम त्याच्याशी जोडण्यासाठी लागणारी माहिती मिळवायला मुभा आहे, ती माहिती इतर मार्गाने सहज मिळत नसेल तर. टॅलीच्या बाबतीत एक्सएमएलचा साचा कंपनीनेच जाहीर केलाय, त्यामुळं या कलमापर्यंत जायची वेळही येत नाही. पण "टॅलीला बाहेरचं काही जोडणं बेकायदेशीर आहे" असं सांगून कोणी घाबरवत असेल, तर ते खरं नाही. परवाना मात्र खरा पाहिजे.

बसवायचं कसं

पहिलं काम बॅकअप. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबलं की डेटाचा मेनू येतो, त्यात बॅकअप आहे. तो पेनड्राइव्हवर घ्यावा आणि पेनड्राइव्ह काढून कपाटात ठेवावा. दुसरं काम, ऑल्ट आणि के दाबून 'चाचणी' नावाची एक खोटी कंपनी टॅलीत उघडायची. सगळे प्रयोग तिच्यावर. खऱ्या खात्यावर पहिल्याच दिवशी कनेक्टर सोडणं म्हणजे नवं फवारणी औषध न तपासता एकदम सगळ्या रानावर मारण्यासारखं आहे.

मग टॅलीचं दार उघडायचं. एफ१ दाबून सेटिंग्ज, त्यात कनेक्टिव्हिटी, त्यात क्लायंट-सर्व्हर कॉन्फिगरेशन. तिथं टॅलीप्राइम कशाचं काम करील असं विचारलं जातं, त्यात 'बोथ' निवडायचं. ओडीबीसीला 'येस' आणि पोर्ट ९०००. टॅली बंद करून परत चालू करायची. दार उघडलं की नाही हे बघायला त्याच कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट', पुढं विसर्गाचं चिन्ह आणि ९००० इंग्रजीत टाइप करावं. सर्व्हर चालू असल्याची ओळ दिसली म्हणजे जमलं. काहीच दिसत नसेल तर बहुतेक वेळा टॅली बंद असते किंवा ९००० पोर्ट दुसऱ्या प्रोग्रामने धरलेला असतो.

आता कनेक्टर. सुरुवात माहिती बाहेर काढणाऱ्या कनेक्टरने करावी, आत टाकणाऱ्याने नाही. बाहेर काढताना बिघडण्यासारखं काही नसतं. गिटहबवर मिळणारा 'टॅली डेटाबेस लोडर' हा असा एक खुला प्रोग्राम आहे, परवाना एमआयटी. तो टॅलीतली खाती आणि व्यवहार डेटाबेसमध्ये किंवा साध्या सीएसव्ही फाइलमध्ये काढून देतो. त्याला नोड जेएस हा आणखी एक मोफत प्रोग्राम आधी बसवावा लागतो. मग झिप फाइल उघडून फोल्डर सी किंवा डी ड्राइव्हवर ठेवायचं, 'कॉन्फिग' नावाच्या फाइलमध्ये सीएसव्ही पाहिजे असं लिहायचं, टॅलीत कंपनी उघडी ठेवायची आणि 'रन' नावाच्या फाइलवर डबल क्लिक करायचं. फोल्डरमध्ये सीएसव्ही फाइली तयार होतात, त्या एक्सेलमध्ये उघडतात. कोणाच्या नावाची दोन खाती पडलीत, कोणाची बाकी किती राहिली, हे यादी लावून एका बैठकीत दिसतं. पुढच्या कामाआधी ही साफसफाई करून घेतलेली बरी.

टॅलीच्या आत नोंद टाकणारा कनेक्टर बसवताना डोकं जास्त शांत ठेवावं लागतं. खात्याचं नाव कनेक्टरमध्ये आणि टॅलीत अक्षरन् अक्षर सारखं पाहिजे, एखादी जादा स्पेसही चालत नाही. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी सलग आठ आकड्यांत जाते. १५ ऑक्टोबर २०२५ म्हणजे २०२५१०१५, आणि हे आकडे इंग्रजी पाहिजेत. एक्सएमएलमध्ये नावेची रक्कम उणे चिन्हाने आणि जमेची साधी लिहायची असते. पहिल्यांदा करणाऱ्याची इथं हमखास उलटापालट होते. मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली तर फाइलचं एन्कोडिंग चुकलंय असं समजावं.

प्रत्येक वेळी टॅली उत्तर पाठवते, किती नोंदी तयार झाल्या, किती बदलल्या, किती चुकल्या. हे उत्तर वाचायची सवय पाहिजे. ५० पट्ट्या पाठवल्या आणि तयार झालेल्या ४८ असतील, तर उरलेल्या दोन कोणत्या हे त्याच दिवशी शोधायचं. आठवड्याने शोधायला गेलं तर काटापट्टीचं पुस्तकच सापडत नाही.

एक धोका नेहमीचा आहे. वीज जाते, इन्व्हर्टर बसतो, माल पाठवला की नाही ते कळत नाही आणि ऑपरेटर परत 'पाठवा' दाबतो. नोंद दोनदा पडते. शेतकऱ्याच्या खात्यावर दुप्पट रक्कम दिसते आणि चुकून दिली गेली तर परत मागताना भांडण होतं. चांगला कनेक्टर प्रत्येक पट्टीला कायमचा वेगळा ओळखक्रमांक देऊन पाठवतो, त्यामुळं तीच पट्टी दुसऱ्यांदा गेली तर नवी नोंद न होता जुनीच अद्ययावत होते. घ्यायच्या आधी हेच विचारावं आणि 'चाचणी' कंपनीत एकच पट्टी मुद्दाम दोनदा पाठवून बघावी.

अजून एक. टॅलीच्या या पोर्टवर वेगळा पासवर्ड नसतो. कंपनी उघडी असली की जो त्या दाराशी पोचला त्याला माहिती मिळते. म्हणून कनेक्टर आणि टॅली एकाच कॉम्प्युटरवर ठेवावेत. घरून मोबाईलवर हिशोब बघता यावा म्हणून राउटरमधून ९००० पोर्ट इंटरनेटला उघडून देणारे महाभाग आहेत. तसं कोणाला करू देऊ नये.

खुला म्हणून विकलेला बंद कनेक्टर

काही विक्रेते 'ओपन सोर्स' म्हणतात आणि हातात टीसीपी प्रकारची एक फाइल देतात. टॅलीची स्वतःची टीडीएल नावाची भाषा आहे. तिच्यात लिहिलेली साधी फाइल नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते, टीसीपी मात्र बंद केलेली असते, वाचता येत नाही. बंद फाइल विकणं हा गुन्हा नाही, बरीच चांगली कामं तशी मिळतात. पण मग ते ओपन सोर्स नव्हे, आणि विक्रेत्याने फोन उचलणं बंद केलं तर दुसऱ्या कोणाला ती दुरुस्तही करता येत नाही. पैसे देण्याआधी विचारा, मूळ मजकूर मिळणार का आणि लायसन्सची फाइल कुठंय.

शेतकरी कंपन्यांसाठी वेगळी बाब

शेतकरी उत्पादक कंपनी ही कंपनी कायद्याखाली नोंदलेली असते, त्यामुळं मोठ्या कंपन्यांचे हिशोबाचे नियम तिलाही लागतात. १ एप्रिल २०२३ पासून कंपनीने वापरायच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल, म्हणजे कोणती नोंद कधी बदलली याची बंद न करता येणारी नोंद असणं सक्तीचं आहे. ऑडिटरला आपल्या अहवालात त्यावर लिहावं लागतं. टॅलीने यासाठी 'एडिट लॉग' असलेली आवृत्ती काढली आहे, टॅलीप्राइम २.१ पासून. कनेक्टर बसवण्याआधी आपल्याकडं कोणती आवृत्ती आहे ते एफ१ दाबून 'अबाउट'मध्ये बघावं. सहकार कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला किंवा साध्या आडत दुकानाला कंपनी कायद्यातला हा नियम लागत नाही.

हिशोबाची पुस्तकं कंपनीला किमान ८ वर्षे जपावी लागतात. पट्टी आता कनेक्टरमधून जाणार असेल तर काट्याकडची मूळ नोंदही तेवढी जपणं शहाणपणाचं, कारण ऑडिटर विचारील की टॅलीतला हा आकडा आला कुठून. बसवायच्या आधी सीएला एक फोन केलेला चांगला.

हे सगळं प्रत्येकाला लागतं असंही नाही. दिवसाला दहा-पंधरा पट्ट्या असणाऱ्याने कनेक्टरच्या मागं लागू नये. टॅलीप्राइम ४.० पासून एक्सेलमधून व्यवहार थेट आत घेता येतात. काट्याचं सॉफ्टवेअर एक्सेल काढून देत असेल तर संध्याकाळी एकदा ती फाइल आत घेतली की काम भागतं. कनेक्टरचा खरा फायदा ज्यांच्याकडं हंगामात रोज शंभरावर पट्ट्या होतात त्यांना.

शेवटी हंगामाच्या तोंडावर बघून ठेवायची गोष्ट. टॅलीचा परवाना एका ईमेलवर नोंदलेला असतो. अनेक ठिकाणी टॅली बसवून देणाऱ्या पोराने स्वतःचाच ईमेल टाकलेला असतो, कारण त्या दिवशी गटाचा ईमेलच नव्हता. कॉम्प्युटर बिघडून नवा घेतला की परवाना तिकडं चालू करायला तोच ईमेल आणि त्याचा पासवर्ड लागतो, आणि तोपर्यंत तो पोरगा पुण्याला नोकरीला गेलेला असतो. परवान्याचा सीरियल नंबर आणि ईमेल गटाच्या नावावर करून घ्यावा, संचालकांच्या सभेच्या इतिवृत्तात लिहावा आणि कनेक्टरची मूळ झिप फाइल, त्यातल्या लायसन्ससकट, बॅकअपच्या पेनड्राइव्हवरच ठेवावी.